जमिनीतून सुरुंग निघाले, पुढं त्या जमिनीचं काय झालं?

आमच्या निफाडकडे सुरुंग म्हटलं की विहीर आठवते. उन्हाळ्यात विहिरीचं काम चालू असताना काळा पाषाण लागला की त्यात भोकं मारून सुरुंग भरायचे, आणि उडवायच्या आधी एक जण बांधावर उभा राहून हाळी द्यायचा, गुरं लांब न्या, पोरांना घरात घ्या, आणि सगळं शिवार दोन मिनिटं गप्प व्हायचं. म्हणजे आमच्या डोक्यातला सुरुंग हा सांगून उडणारा, पाण्यासाठी उडणारा. त्यामुळे माझा मामा, जो बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात होता, खडकीला ट्रेनिंग झालेला, तो २००३ मध्ये सुट्टीवर आला आणि ओट्यावर बसून म्हणाला की आम्ही गव्हाच्या रानात सुरुंग पेरले होते आणि आता तेच वेचतोय, तेव्हा आजीला काही केल्या कळेना की गव्हाच्या रानात विहीर कुठून आली.

तर गोष्ट अशी होती. १३ डिसेंबर २००१ ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रम, म्हणजे सीमेवर सैन्याची मोठी जमवाजमव, सुरू झालं आणि पंजाब, राजस्थान, जम्मूच्या सीमेवर मोठ्या पट्ट्यात भूसुरुंग लावले गेले. त्यातली बरीच जमीन वाहितीखालची होती. शेतकऱ्यांना रान सोडावं लागलं, पेरण्या हुकल्या, नुकसान भरपाई मिळाली, आणि सैन्य मागे घेतल्यावर सुरुंग काढायचं काम पुढं कितीतरी दिवस चाललं. मामा त्या कामात श्रीगंगानगरच्या बाजूला होता.

भूसुरुंग, म्हणजे ज्याला सगळे माइन म्हणतात, ते एक फार साधं यंत्र आहे आणि त्याचा साधेपणा हाच त्याचा भयानकपणा. वरून वजन पडलं की आतलं फ्युज पेटतं, बस. वजन सैनिकाचं आहे की वासराचं की सरपण गोळा करायला गेलेल्या बाईचं, हे त्याला कळत नाही, आणि लढाई संपली हेही त्याला कोणी सांगत नाही, वीस वर्षं, तीस वर्षं तसंच पडून राहतं. २०२३ या एका वर्षात जगभरात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने मेलेल्या आणि जखमी झालेल्या माणसांची नोंद ५,७५७ आहे, त्यात ८४ टक्के साधे नागरिक, आणि सगळ्यात जास्त म्यानमारमध्ये. आणि ही फक्त नोंद झालेली संख्या, बरं का.

मी नाशिकमध्ये विकासकामांच्या मूल्यमापनाचं काम करतो. म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या बाजूला पाणलोटाची, शेततळ्याची, बचत गटांची कामं होतात, ती झाल्यावर खरंच काय फरक पडला हे गावात जाऊन बघायचं आणि लिहायचं. परवा एका मित्राने युक्रेनची बातमी पाठवली की सुरुंग काढायला इतके इतके अब्ज डॉलर लागणार, आणि विचारलं, एवढा पैसा घातला तर त्याचा उपयोग झाला की नाही हे कसं ओळखतात रे? प्रश्न एवढा चांगला होता की मेसेजमध्ये उत्तर मावलं नाही, म्हणून इथं नीट लिहितोय.

आधी कामाचा वेग समजून घ्या, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. सुरुंग काढणारा माणूस, त्याला डिमायनर म्हणतात, तो साधारण एक मीटर रुंदीची पट्टी आखतो, गुडघ्यावर बसतो, गवत हाताने कापतो, मेटल डिटेक्टर फिरवतो, आवाज आला की थांबतो आणि सळई तिरकी घालून हळूहळू माती उकरतो. दहातल्या नऊ वेळा, कित्येकदा त्याहून जास्त वेळा, निघतं काय, तर खिळा, डब्याचं झाकण, गोळीचं टरफल. पण प्रत्येक आवाजाला तोच वेळ द्यावा लागतो. हाताने काम करणारा एक माणूस दिवसाला साधारण १० ते ५० चौरस मीटर उरकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर एका गुंठ्याला दोन दिवसांपासून दहा दिवसांपर्यंत, आणि एका एकराला ८० पासून ४०० दिवस. एक एकर! आपल्याकडे द्राक्षाच्या एका प्लॉटची छाटणी अख्खी टोळी एका दिवसात उरकते, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. कुत्रे वापरतात, मोठी यंत्रं वापरतात, आणि आफ्रिकेतले मोठे पिशवीवाले उंदीरसुद्धा वापरतात, ते वजनाने एवढे हलके की सुरुंगावरून चालले तरी तो फुटत नाही, आणि त्यांना धातूचा नाही तर थेट स्फोटकाचा वास कळतो, म्हणून खिळ्याडब्यात वेळ जात नाही. कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनच्या एका प्राणीसंस्थेचं सुवर्णपदक मिळालं होतं.

अजून एक फरक. सैन्य लढाईत सुरुंगातून वाट काढतं तेव्हा त्याला एक अरुंद रस्ता पटकन हवा असतो, थोडा धोका राहिला तरी ते पुढं जातं. पण गावासाठी जमीन साफ करायची तर तिथं उद्या पोरं खेळणार आहेत, नांगर चालणार आहे, म्हणून कोपरान् कोपरा साफ पाहिजे. मामा सांगायचा की आमचं तरी बरं, आम्ही पेरलेले होते, नकाशा होता, ओळी मोजलेल्या होत्या, तरीसुद्धा वाळू सरकली की माल जागेवर सापडायचा नाही. जिथं पंधरा पंधरा वर्षं यादवी चालली, चार चार गटांनी सुरुंग टाकले आणि कागद कोणीच ठेवला नाही, तिथं काय होत असेल.

आता मूळ प्रश्न. यश मोजायचं कशात?

सगळ्यात पहिलं मनात येतं ते सुरुंग मोजायचं. किती काढले? टीव्हीवर दाखवायला सोपं, देणगीदाराला सांगायला सोपं. नव्वदच्या दशकात असंच चालायचं. तेव्हा एक आकडा सगळीकडे फिरायचा की जगात जमिनीखाली ११ कोटी सुरुंग आहेत, आणि याच वेगाने काढले तर अकराशे वर्षं लागतील. लोक हबकले, आणि त्या हबकण्यातून चांगलंही घडलं, १९९७ च्या जानेवारीत राजकन्या डायना अंगोलातल्या हुआंबोमध्ये सुरुंगाच्या रानातून चालली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओटावामध्ये सुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या, आणि त्यासाठी झटणाऱ्या मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना शांततेचं नोबेल मिळालं. पण तो ११ कोटींचा आकडा पुढं टिकला नाही. मोझांबिक बघा. तिथं लाखोंनी, काही जण तर दहा लाखांच्या वर सुरुंग आहेत म्हणायचे, आणि २०१५ च्या सप्टेंबरात तो देश सुरुंगमुक्त जाहीर झाला, तोवर सगळ्यात मोठी साफसफाई करणाऱ्या हॅलो ट्रस्ट या संस्थेने काढलेले सुरुंग होते साधारण १ लाख ७१ हजार.

सुरुंग मोजण्यात खरी अडचण वेगळीच आहे. समजा दोन रानं आहेत, दोन्ही एकेक एकर. एकात शंभर सुरुंग, एकात एकच. गावासाठी दोन्ही रानं सारखीच बंद, कारण तो एक कुठंय हे कोणालाच माहीत नाही. काढायला मेहनतही जवळपास तेवढीच. पण 'दर सुरुंगामागे खर्च' असा हिशोब लावला तर पहिलं काम एकदम स्वस्त दिसतं आणि दुसरं काम म्हणजे पैशाची नासाडी. तीन डॉलरला बनतो आणि तीनशे ते हजार डॉलरला निघतो, हे वाक्य तुम्ही कुठंतरी ऐकलं असेल. सुरुंग लावायच्या विरोधात ते बोलायला ठीक आहे, कामाचं माप म्हणून ते बिनकामाचं.

मग लोक म्हणाले, बरं, जमीन मोजू. किती चौरस मीटर साफ केली. हे पहिल्यापेक्षा बरं, पण त्यातही एक मोठी खोट निघाली, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. कितीतरी देशांत मागे वळून बघितलं तर कळलं की वर्षानुवर्षं माणसं गुडघ्यावर बसून जी जमीन साफ करत होती त्यातल्या मोठ्या भागात एकही सुरुंग नव्हता. कारण काय, तर सुरुवातीला सर्व्हे करणाऱ्याने गावात विचारलं, इथं धोका आहे का, गावकरी म्हणाले, त्या डोंगरापासून नदीपर्यंत आम्ही जात नाही, आणि त्याने नकाशावर डोंगरापासून नदीपर्यंत लाल रेघ मारली. बिचाऱ्याचीही चूक नाही, चुकून कमी मारली आणि कोणी मेलं तर जबाबदार कोण. पण एकदा लाल रेघ पडली की ती पुसायला कोणी धजत नाही, आणि मग ज्या संस्थेचं काम चौरस मीटरवर मोजलं जातं तिला सपाट, मऊ, सुरुंग नसलेलं रान साफ करणंच परवडतं, आकडा भराभर वाढतो.

म्हणून आता आंतरराष्ट्रीय मानकांत पद्धत बदलली. आधी नीट चौकशी, जुने सैनिक गाठायचे, गुराख्यांना विचारायचं, कुठं जनावर मेलं होतं, कधी, त्यानंतर कोणी तिथून गेलं का, लढाईची फळी कुठून कुठं होती. पुरावाच नसेल तर ती जमीन नकाशावरून काढून टाकायची. थोडा पुरावा असेल तर यंत्राने, कुत्र्याने तपासून क्षेत्र आवळायचं. आणि जे खरं उरेल तिथंच माणूस गुडघ्यावर बसवायचा. युक्रेनचं बघा, २०२३ च्या सुमारास सरकार म्हणत होतं १ लाख ७४ हजार चौरस किलोमीटर जमीन संशयित आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या अर्ध्याहून जास्त, अकरा नाशिक जिल्हे. दोन वर्षांत तो आकडा १ लाख ४० हजारांच्या आत आला, आणि हे अर्थातच सगळं खणून झालेलं नाही, बराचसा भाग चौकशीने, उपग्रहाच्या फोटोंनी, कागद तपासून मोकळा झालाय. आता मूल्यमापन करणाऱ्याने याला 'काम' म्हणायचं की नाही? मी म्हणेन, हेच तर सगळ्यात मोठं काम. जिथं काही नव्हतं तिथली भीती कागदोपत्री आणि खात्रीने काढणं.

तिसरं माप अपघातांचं. किती माणसं वाचली. हे ऐकायला सगळ्यात सच्चं वाटतं, पण हेही सरळ नाही. अपघात कमी झाले ते सुरुंग निघाले म्हणून, की लोकांनी ते रानच सोडलं, शहरात गेले, मजुरीला लागले म्हणून? आणि उलटं पण होतं, शांतता झाली की अपघात वाढतात, कारण पळून गेलेली माणसं घरी परततात. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये सत्ता पालटल्यावर हेच झालं, लोक गावाकडे आले, बंद पडलेली रानं उघडली आणि जखमींची संख्या चढली. नुसता तक्ता बघणारा म्हणेल, कार्यक्रम फसला.

इथं मला आमच्याकडचा अनुभव आठवतो. एका पाणलोटाच्या कामाचा अहवाल आला होता, सगळे बंधारे पूर्ण, फोटो, जीपीएस, सगळं व्यवस्थित. मी एप्रिलमध्ये गेलो तर बायका तसाच डोक्यावर दोन हंडे घेऊन दरी उतरत होत्या. बंधारे खोटे नव्हते, चांगले बांधलेले होते, पण पाणी ज्या बाजूला मुरलं त्या बाजूला वस्तीच नव्हती. बंधारा बांधणं हे काम, आणि बाईचा फेरा वाचणं हा परिणाम, या दोन गोष्टींत एक अख्खी दरी असते. सुरुंगाच्या कामात पण हेच, सुरुंग निघणं हे काम आणि माणूस त्या जमिनीवर परत येऊन पोट भरणं हा परिणाम, आणि बराच काळ अहवाल पहिल्यावरच थांबायचे.

दुसरी अडचण जास्त गुंतागुंतीची आहे, ती आपल्याच उदाहरणाने सांगतो. समजा कोणी म्हणालं की ठिबक घेतलेले शेतकरी न घेतलेल्यांपेक्षा श्रीमंत आहेत, म्हणून ठिबकने श्रीमंती आली. निफाड-दिंडोरीतला कोणीही शेंबडा पोर सांगेल की अरे ठिबक घेतलं कोणी, तर ज्याची विहीर भरलेली, ज्याची द्राक्षं एक्स्पोर्टला जातात, त्याने. तो आधीच पुढं होता. सुरुंग पण पहिल्यांदा कुठले निघतात, तर शहराजवळचे, हायवेचे, जिथं गाडी जाते तिथले. पाच वर्षांनी तिथं दुकानं दिसली तर ती सुरुंग काढले म्हणून आली की हायवे होता म्हणून येणारच होती? हे सोडवायला मग अभ्यासक सारख्या परिस्थितीतली गावं जोड्या लावून बघतात, एक लवकर साफ झालेलं, एक उशिरा, आणि मधल्या वर्षांत दोघांत काय फरक पडला ते तपासतात.

मोझांबिकवर असा एक फार मोठा अभ्यास झालाय, कियोवेली, मिहालोपूलोस आणि पापाइओआनू या तीन अर्थतज्ज्ञांचा. १९९२ ते २०१५ पर्यंत कुठला तुकडा कधी साफ झाला याची सगळी नोंद त्यांनी गोळा केली आणि ती जोडली कशाला, तर रात्री उपग्रहातून दिसणाऱ्या उजेडाला. जिथं व्यवहार वाढतो तिथं दिवे वाढतात, एवढा साधा तर्क, आणि ज्या देशात तालुकावार आकडेवारीच नाही तिथं हा एक आधार. त्यांना दिसलं असं की लांबचं एकटं गाव साफ झालं की थोडा फरक पडतो, पण रस्ता, रेल्वे, बाजाराचं गाव साफ झालं की त्या गावातच नाही तर त्या रस्त्याने जोडलेल्या, स्वतःच्या शिवारात कधी सुरुंगच नसलेल्या गावांतसुद्धा उजेड वाढतो. लासलगावचं मार्केट महिनाभर बंद राहिलं तर चांदवडच्या, येवल्याच्या शेतकऱ्याचा कांदा चाळीत सडतो ना, त्याच्या शेतात काही बिघडलेलं नसताना? तेच उलट्या दिशेने. आणि मोझांबिकमध्ये काम तुकड्या तुकड्याने झालं, ज्या संस्थेला ज्या प्रांतात ज्या देशाचा पैसा मिळाला तिने तिथं केलं, रस्त्यांचं जाळं डोळ्यापुढं ठेवून क्रम लावला असता तर फायदा लवकर मिळाला असता असं त्यांचं म्हणणं.

पण थांबा, यातून कोणी असा अर्थ काढेल की मग कोपऱ्यातली गावं शेवटी. मला हे पटत नाही. दिवे वाढणं हे एक माप आहे, आणि ज्या पाड्यात वीजच नाही तिथली सुटका उपग्रहाला दिसत नाही. पेठमधल्या पाड्यावर आईचा पाण्याचा एक फेरा वाचला आणि पोरगी शाळेत गेली तर तिथं कुठला दिवा लागणार आहे? म्हणून आकड्यांच्या अभ्यासाबरोबर गावात जाऊन बसणं लागतंच, एकाशिवाय दुसरं लंगडं.

जमिनीची गोष्ट निघालीच आहे तर अजून एक सांगतो, जी वाचून मी खरंच सुन्न झालो. एरिन लिन नावाच्या संशोधक आहेत, त्यांनी कंबोडियात अमेरिकेने टाकलेल्या बॉम्बचा अभ्यास केला. बॉम्ब कडक जमिनीवर पडला तर फुटतो, पण मऊ, भुसभुशीत, कसदार मातीत पडला की कितीतरी वेळा न फुटता आत रुततो. म्हणजे सगळ्यात सुपीक जमिनीतच सगळ्यात जास्त धोका शिल्लक राहिला. आणि शेतकरी काय करतो, तर त्या जमिनीत खोल नांगरत नाही, यंत्र घालत नाही, हातानं जपून वरवर करतो, आणि सगळ्यात भारी जमिनीचा धनी गरीब राहतो. गोदाकाठची काळी जमीन कधी हातात घेतली असेल तर हे वाक्य कसं लागतं ते कळेल. शेजारच्या लाओसमध्ये १९६४ ते १९७३ मध्ये वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब पडले, त्यातल्या क्लस्टर बॉम्बमधले, म्हणजे हवेत उघडून लहान लहान बॉम्ब पसरवणाऱ्या मोठ्या बॉम्बमधले, ते लहान बॉम्ब अजून भाताच्या खाचरात निघतात. जगाने शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली तर लाओसने २०१६ मध्ये स्वतःचं अठरावं जोडलं, न फुटलेल्या बॉम्बपासून सुरक्षित जीवन. कारण त्यांना शाळा बांधायची तर आधी जागा तपासा, कालवा खणायचा तर आधी तपासा. त्या देशात हे वेगळं खातं होऊच शकत नाही, प्रत्येक कामाच्या एस्टिमेटमधली ती पहिली ओळ आहे.

जमीन साफ झाली, मग ती कोणाची? आपल्याला सातबारा असतो, तरी समृद्धी महामार्गाची नुसती रेघ नकाशावर आली तेव्हा सिन्नर, इगतपुरीकडे जमिनींचे भाव कुठल्या कुठं गेले ते आपण बघितलंय. कंबोडियात १९७५ ते ७९ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत खाजगी मालकीच संपवली, कागद नष्ट झाले. पुढं थायलंडच्या सीमेला लागून सुरुंगांचा लांबच लांब पट्टा तयार झाला, आणि त्या धोकादायक जमिनीवर राहायला गेलं कोण, तर ज्याच्याकडे दुसरी जमीनच नाही ते. काहींनी तर कोणाची वाट न बघता स्वतः कुदळीने सुरुंग काढून पेरणी केली. सुरुंग असेपर्यंत ती जमीन कोणाला नको असते, साफ झाली की सगळ्यांना हवी, आणि वजनदार माणूस येऊन बसला तर सुरुंग काढायच्या पैशाने गरीबच हुसकला गेला असं होतं. हे लक्षात आल्यावर बट्टंबांगसारख्या प्रांतांत १९९९ पासून एक व्यवस्था आली की काढायच्या आधीच गावात ठरवायचं, ही जमीन साफ झाल्यावर कोणाला मिळणार, कशाला वापरणार, आणि ते लिहून ठेवायचं. नॉर्वेच्या एका संस्थेने तर प्रत्येक तुकड्याचा तीनदा विचार करायची पद्धत लावली, काम घ्यायच्या आधी, काम चालू असताना, आणि काम संपून काही काळ गेल्यावर. तिसरी फेरी महत्त्वाची. देणगीदाराचा पैसा बहुतेक वेळा दुसरीलाच संपलेला असतो.

विचारायचं कोणाला, हाही मुद्दा आहे. आपल्याकडे सर्व्हेवाला आला की पारावर चार बाप्ये पुढं होतात. गावात पुरुष सांगेल रस्ता साफ करा, गुराखी पोरगा सांगेल चराई, आणि बाई सांगेल विहिरीची वाट, सरपणाचं रान. तिघंही बरोबर, पण तुम्ही एकालाच विचारलं तर क्रम चुकतो, आणि सुरुंगाच्या कामात क्रम चुकणं म्हणजे कोणाचा तरी पाय जाणं. आणि ज्याचा पाय आधीच गेलाय तो तर यादीतच नसतो. खरं म्हणजे जखमींना उभं करणं हा या कामाचाच भाग मानलेला आहे, आपला जयपूर फूट अफगाणिस्तानपर्यंत गेला तो यामुळेच, चिखलात, अनवाणी, मांडी घालून बसणाऱ्या माणसाला चालेल असा स्वस्त पाय. पण जमिनीच्या आकड्यांत हा माणूस कुठंच येत नाही, आणि तो येत नसेल तर मला ते मूल्यमापन अर्धवट वाटतं.

पैशाच्या हिशोबाचं थोडक्यात. २००० साली कंबोडियाबद्दल एका अर्थतज्ज्ञाने हिशोब मांडला की सुरुंग काढायचा खर्च फायद्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. खूप वाद झाला. त्यात एक मेख होती, वाचलेल्या माणसाची किंमत त्याच्या कमाईवरून धरली होती. म्हणजे माणूस जितका गरीब तितका त्याचा जीव स्वस्त, आणि सुरुंग असतात गरीब देशात. मग फायदा कमीच निघणार. पुढच्याच वर्षी अफगाणिस्तानवर जागतिक बँकेचा अभ्यास आला, त्यात पीक, मेलेली जनावरं, कालवे, वळसा घालून जाणाऱ्या गाड्यांचं डिझेल असं सगळं धरल्यावर गुंतवणूक चांगलीच फायद्याची निघाली. गणित दोन्हीकडे बरोबरच होतं, फरक होता तो काय काय धरलं त्यात. म्हणून असा कुठलाही अहवाल हातात आला तर मी आधी शेवटचं पान नाही बघत, जीव कितीला धरलाय ते बघतो.

आणि विश्वास. कोलंबियातल्या अभ्यासात दिसलं की नागरिकांसाठी म्हणून पद्धतशीर साफ केलेल्या भागात व्यवहार वाढले, पोरांचे शाळेतले मार्कसुद्धा सुधारले, पण लढाईच्या कारवाईत सैन्याने सुरुंग काढले तिथं असा फायदा दिसला नाही. म्हणजे जमीन मोकळी होणं आणि माणसाला ती मोकळी वाटणं यात अंतर आहे. काही ठिकाणी म्हणून जमीन ताब्यात देताना डिमायनर स्वतः गावकऱ्यांसमोर त्या रानातून चालत जातात. चौरस मीटरच्या रकान्यात ते चालणं कुठं लिहिणार? पण माझ्या मते त्या दिवसाशिवाय काम पूर्ण नाही.

हे सगळं आता जास्त महत्त्वाचं झालंय कारण गाडी उलटी फिरतेय. १९९७ च्या करारात देशांना आपली जमीन साफ करायला दहा वर्षांची मुदत आहे, बरेच जण वाढवून घेतात, पण निदान दिशा एकच होती. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका त्यात कधीच नव्हते. २०२५ मध्ये लिथुआनिया, लात्विया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंडने करारातून बाहेर पडायचं ठरवलं. त्यांच्या शेजारी काय चाललंय ते बघता त्यांची भीती खोटी नाही, हे मान्य. पण उद्या तिथं सुरुंग पेरले गेले तर एका एकराला ८० ते ४०० दिवसांचं कर्ज जमिनीवर चढलं, आणि ते फेडणारा माणूस आज जन्मलेला पण नसेल. दुसरीकडे आपल्या शेजारी श्रीलंका २०१७ मध्ये करारात आली, उत्तरेकडे अजून काम चालू आहे, त्यात नवरा युद्धात गेलेल्या कितीतरी बायका डिमायनर म्हणून राबतात, आणि आपल्याकडच्या निवृत्त सॅपर्सच्या संस्थांनीही तिथं काम केलंय.

मागच्या दिवाळीला मामाकडे गेलो होतो, आता सत्तरीला टेकलाय, गुडघे गेलेत. मी हे सगळं डोक्यात घेऊनच गेलो होतो म्हणून विचारत सुटलो. त्याला सगळं आठवत होतं, किती ओळी, दोन सुरुंगांत किती अंतर, कुठल्या ओळीत तीन कमी सापडले आणि ते शोधायला कसे नऊ दिवस गेले, कोणाची बोटं गेली, सगळं. एक म्हातारा सरदारजी रोज बांधावर येऊन बसायचा म्हणाला, त्याचंच रान होतं, काही बोलायचा नाही, चहा घेऊन यायचा. काम संपलं त्या दिवशी मामा आणि त्याच्या बरोबरचे दोघं त्या रानातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि म्हाताऱ्याच्या हातात हात दिला.

मी विचारलं, मग त्यानं त्या वर्षी काय पेरलं?

मामा बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "माहीत नाही रे. दुसऱ्याच दिवशी आम्ही पुढच्या गावाला गेलो. कोणी विचारलंच नाही कधी."